नावं ठेवणारे वारलूजी

नावं ठेवणं हा सरकारी ऑफिसातला सगळ्यात जुना उद्योग. चांद्याच्या जंगल खात्यात मी नकाशे काढायला होतो. सकाळी टेबलं झटकून झाली की आधी साहेबांना, मग मोठ्या बाबूंना आणि शेवटी एकमेकांना नावं ठेवल्याशिवाय आमच्या खोलीत कोणाची दौत उघडत नसे. पण खरोखर नावं ठेवणारा, म्हणजे ज्याला अजून नावच नाही त्याला नाव मिळावं म्हणून जिवाचं रान करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते वारलूजी नाकेदार. त्यांच्यावर लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण लिहायला बसलो तर दोन वाक्यं माझ्याबद्दलही लिहावी लागतील हे मला ठाऊक होतं.

आमच्याकडे जंगलाच्या राखणदाराला नाकेदार म्हणतात. सागाची पानं खाणाऱ्या किडीचा अभ्यास करावा असं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला खात्याच्या मनात आलं आणि धानोऱ्याच्या बाजूला एका लाकूड डेपोमागे जाळीच्या पिंजऱ्यांची एक लांबट खोली उभी राहिली. गाव तिला किडाघर म्हणे. तिथली ड्यूटी म्हणजे शिक्षा, असं सगळे नाकेदार समजत. वारलूजींनी ती मागून घेतली. शिक्षण चौथी, बायको लवकर गेलेली, घरात कौसल्या नावाची एकुलती एक मुलगी. बापलेक दोघं मिळून किडे पोसत.

सागाच्या किडीचं काय झालं ते विचारू नका, त्या फायली खात्यालाही सापडायच्या नाहीत. वारलूजींचा जीव मात्र पहिल्याच पावसात दुसरीकडे जडला होता. त्यांना हवं होतं ते नाकतोड्यांचं कूळ लावणं.

माझी त्यांची गाठ पडली ती चित्रांमुळे. किड्यांची चित्रं काढायला कोणी हवं होतं आणि ऑफिसात सुईसारखी रेघ मारणारा मी एकटा. मी गेलो, भिंगातून पाहत दिवसभर बसून एका नाकतोड्याचं चित्र काढलं आणि जरा ऐटीतच पुढे केलं. वारलूजींनी ते उलटसुलट पाहिलं. मग चित्र खाली ठेवून नाकतोडा उचलला.

"नकाशेभाऊ, मांगच्या पायाले तुमी सात काटे काढले."

"असतील."

"आठ हायेत."

मी म्हटलं, एका काट्यानं काय बिघडतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू कोणाच्या आठ पोरांपैकी एक पोरगं गहाळ केलं होतं. "तुमच्या नकाशात एक नाला कमी काढला तं चालते का?" मी चित्र फाडलं आणि दुसऱ्या दिवशी आठ काटे काढले. तेव्हापासून ते मला नकाशेभाऊ म्हणत आणि मी त्यांच्यासमोर जपून बोलत असे.

त्यांच्या खाकी कोटाच्या प्रत्येक खिशात काड्यापेट्या, त्या सगळ्या आतल्या किड्यांनी खुडखुडणाऱ्या. विडी पेटवायला कोणी काडी मागितली तर पाचवी-सहावी पेटी उघडेपर्यंत मागणाऱ्याची तलफ मरून जाई. नवा किडा हाती आला की ते त्याला चिमटीत धरून, गावात परक्या पोराला विचारतात तसं विचारत, "कोनाचा बे तू?" मग तासन्‌तास त्याचं थोबाड, पंख, नडग्या न्याहाळत. घाईनं बोललेलं त्यांना खपत नसे. "पाहा. मंग पाहा. मंगच बोला," हे त्यांचं पालुपद होतं.

किड्याखाली टाचणीला एक चिठ्ठी लावायची असते. कुठे सापडला, कधी सापडला, कोणी धरला. या चिठ्ठ्यांच्या बाबतीत ते फार कडक होते. एकदा मोठे साहेब तपासणीला आले. पिंजऱ्यातून निसटलेली एक मादी त्यांच्या कॉलरवर चढली. साहेबांनी दचकून फाडकन चापट मारली आणि मादी खलास. वारलूजींनी ती कागदावर उचलून घेतली आणि रजिस्टरात बारीक अक्षरात नोंद केली: 'मयत. साहेबांचे हस्ते.' रजिस्टर पुढे सहीला गेलं, आणि साहेबांनी न वाचता सही ठोकली. हा किस्सा मी ऑफिसात महिनाभर पुरवून पुरवून सांगितला.

आता मुख्य गोष्ट. धानाच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तांबड्या नडगीचा एक नाकतोडा मिळे. तो ओळखीचा होता, पुस्तकात होता. एका पावसाळ्यात पिंजऱ्यांसाठी गवत कापायला कौसल्या तलावाच्या पाळीवर गेली आणि तसाच एक नाकतोडा घेऊन आली. सगळं तेच, फक्त नडगी निळी.

"बाबा, हा तो नोहे," ती म्हणाली.

तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल. वारलूजींनी पाहिलं, मग पाहिलं, आणि मग बोलले. "नोहेच."

दूरच्या एका मोठ्या संग्रहालयात नाकतोड्यांवर अधिकारवाणीनं बोलणारे एक साहेब होते. त्यांना नमुने पाठवले, इंग्रजी पत्र मी लिहिलं. उत्तर आलं की केवळ रंगावरून जात वेगळी ठरत नाही, एकाच जातीत असे रंगभेद असतात.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा वारलूजी गवत निवडत होते. "बरोबर हाय साहेबाचं," ते म्हणाले. "रंगावरून जात नाई ठरत. जात ठरते सोयरिकीवरून. ज्याची ज्याच्याशी सोयरीक जुळते, लेकरंबाळं होतात, ती एक जात. नाई जुळत तं दुसरी. आता जुळवूनच पाहू." वधूवरांच्या याद्या कराव्या तशी त्यांनी पिंजऱ्यांची यादी केली. तांबडा नर निळी मादी, निळा नर तांबडी मादी, आणि शेजारी दोन्हीकडचे आपापसातले. नाकतोड्याची मादी पावसाच्या अखेरीला मातीत अंडी घालते, ती फुटतात पुढच्या पावसात. म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर मिळायला एक वर्ष लागतं. वारलूजींनी तीन वर्षं लावली.

त्या तीन वर्षांत त्या घराइतकं सुखी घर मी पाहिलं नाही. पहाटे कौसल्या तलावाच्या पाळीवरून ओलं गवत आणी, वारलूजी धुऱ्यावरून. दोघं पिंजऱ्यांसमोर बसून भांडत. "तो पाहून राह्यला तिच्याकडे." "नाई बाबा, तो गवत पाहून राह्यला." मी महिन्या-दोन महिन्यांनी जाई, चित्रं काढी, कौसल्याच्या हातचा भात आणि आंबाडीची भाजी खाई. नवी जात ठरली तर नाव कौसल्याचं द्यायचं, हे वारलूजींनी केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. आठवडी बाजारात भेटेल त्याला सांगत, "माह्या पोरीचं नाव मोठ्या पुस्तकात छापून येनार." लोक विचारत, कशाचं पुस्तक? ते म्हणत, किड्यांचं. लोक तोंड फिरवून हसत. कौसल्या लाजून आत पळे, पण पळताना तिचा चेहरा मी पाहिला आहे.

तिसऱ्या वर्षीही तांबड्या-निळ्याचं जुळलं नाही. एक जोडी नाही, एक अंडं नाही. आपापसात मात्र दोघांचेही संसार भरभरून चालले. सगळे तक्ते आणि चित्रं साहेबांकडे गेली आणि यावेळी उत्तर आलं की जात नवी आहे, वर्णन तयार करतो आहे, नाव काय द्यावं हे शोधणाऱ्यांनी कळवावं, फक्त एकाचं नाव दुसऱ्याला देता येत नाही एवढं पाहावं. पत्र घेऊन मी स्वतः गेलो. वारलूजींनी मला जेवायलाही थांबू दिलं नाही. दुपारी ओसरीवर बसून मी उत्तर लिहिलं, त्यात कौसल्याचं नाव लिहिलं, त्याला शास्त्रज्ञ लोक लॅटिनचं शेपूट लावतात तेही लावलं. वारलूजींनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "इंग्रजी वाचता येत नाई, पन पोरगी दिसून राह्यली," म्हणाले.

कौसल्या दाराशी उभी होती. बाप खुशीत आहे हे पाहून तिनं तोंड उघडलं. आपल्याला महादेवशी लग्न करायचं आहे, असं ती म्हणाली.

महादेव हा तलावात मासे धरणाऱ्यांचा मुलगा. पाळीवर त्याची जाळी वाळत असत, तिथंच कौसल्या गवत कापायची. चार पावसाळे दोघं एकमेकांना पाहत होते. आठवा काटा पाहणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं.

वारलूजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आमी धान पेरनारे. ते जाळं टाकनारे. त्यायची जात येगळी. तीन वर्सं तूच पाहून राह्यली ना पोरी? पाळीवरचा आन धुऱ्यावरचा जुळत नाई. हे निसर्गानंच सांगतलं."

कौसल्या दारातून पुढे आली.

"बाबा, ते एका पिंजऱ्यात ठेवूनबी जुळले नाई. आमी दूर राहूनबी जुळलो. ज्याची जुळते त्याची एकच जात, हे तुमीच सांगता."

मी कागदाकडे पाहत बसलो. इतकं नेमकं उत्तर मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं, आणि ते बापानंच शिकवलेलं होतं. वारलूजींना ते लागलं ते बिनचूक होतं म्हणूनच. मग ते माझ्याकडे वळले.

"नकाशेभाऊ, ते नाव खोडा."

मी म्हटलं, उद्या पाहू, घाई काय आहे?

"खोडा."

मला सांगता आलं असतं की कागद खराब होईल, चांद्याला जाऊन नवीन लिहितो. मग पत्र पंधरा दिवस माझ्या टेबलात राहू देता आलं असतं, त्यांचा राग उतरला असता. नकाशे काढणाऱ्याला वेळकाढूपणा शिकवावा लागत नाही. पण मी त्यांना घाबरत होतो. मी तिच्या देखत तिचं नाव खोडलं आणि 'निळ्या नडगीचा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द, जो साहेबांनीच एका पत्रात सुचवला होता, तो वर लिहिला. संध्याकाळच्या गाडीनं जाऊन ते पत्र मी टपालात टाकलं. खोडणारा हात माझा होता. हे लिहायचं होतं ते लिहिलं.

आठ दिवसांत कौसल्या महादेवबरोबर निघून गेली. भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीवर त्याला काम लागलं. पुढच्या वर्षी छापील पानं आली. पहिल्या पानावर माझं चित्र, आठही काट्यांसकट, आणि खाली ते नाव. मी ती घेऊन गेलो तेव्हा त्यांनी पानं हातात घेतली आणि चित्र पाहून परत दिली. "ठेवा तुमच्यापाशी," म्हणाले. किडाघरातल्या अर्ध्या पिंजऱ्यांना गवत नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भद्रावतीच्या एका कंडक्टरनं मला ऑफिसात येऊन निरोप दिला. कौसल्याला मुलगी झाली होती. तिनं सांगितलं होतं, "बाबाले सांगा, नाव ठेवायले या. तुमी येतपर्यंत ठेवत नाई."

मी दुसऱ्याच दिवशी धानोऱ्याची गाडी धरली. वारलूजींनी निरोप ऐकला आणि पाठ फिरवून पिंजऱ्याची जाळी ताणत बसले. जाताना मी पुन्हा विचारलं, काय सांगू? ते म्हणाले, "सांगा, निरोप भेटला."

मी एवढंच कळवलं. दिवाळीच्या सुमाराला मात्र ते आपणहून चांद्याला आले. मी पहिल्यांदाच त्यांना कोटाशिवाय पाहिलं. माझ्या टेबलापाशी उभे राहून खालच्या आवाजात म्हणाले, "नकाशेभाऊ, साहेबाले लिहा. म्हना, नावात चूक झाली. कौसल्याच पाहिजे होतं."

"वारलूजी, ते छापून झालं."

"पटवारी नाव दुरुस्त करत नाई का? अर्ज देला का करते. साहेब त पटवाऱ्यापेक्षा मोठा."

मी म्हटलं, लिहितो, पण तुम्ही आधी भद्रावतीला जाऊन या. दोन तासांची वाट आहे.

"रिकाम्या हातानं कसा जाऊ?" ते म्हणाले. "तिच्या देखत खोडलं. ते दुरुस्त होऊन येऊ द्या. कागदच घेऊन जातो. तिच्या हातात देतो." बोलता बोलता ते हसले, आणि ते हसू इतकं ओशाळं होतं की मला आग्रह करवला नाही. पुढे जन्मभर वाटत आलं की धरून न्यायला हवं होतं.

मी लिहिलं. साहेब परदेशी होते. थंडी सरली, मोह फुलून गळून गेला, तेंदूपानांचा हंगाम लागला. दर पंधरा दिवसांनी वारलूजी चांद्याला येत, दारातूनच माझ्याकडे पाहत, मी मान हलवली की फिरत. मधे दोनदा कौसल्याकडून कंडक्टरच्या हाती निरोप आला, बाबा केव्हा येतात? दोन्ही वेळा मी कळवलं, लवकरच. पोरगी वर्षाची होत आली होती.

उत्तर आलं जूनच्या तोंडाशी. वारलूजी समोरच होते, मी उभ्यानंच फोडलं. साहेबांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं की त्यांना खेद वाटतो. एकदा छापून प्रसिद्ध झालेलं नाव कोणालाही बदलता येत नाही, देणाऱ्यालासुद्धा नाही. तो नियमच आहे.

मी वाक्यावाक्याचं मराठी करून सांगितलं. वारलूजींनी विचारलं, "देनाऱ्यालेबी नाई?" मी म्हटलं, नाही. ते थोडा वेळ बाकावर बसले. मग उठून म्हणाले, "चाला. रिकाम्याच हातानं जातो. तुमी संगं चाला, मले तिच्यासमोर एकट्यानं उभं राहनं होनार नाई." बाजारातून त्यांनी पोरीसाठी एक झबलं घेतलं. दुकानदाराला विचारलं, वर्षाच्या पोरीले हे होईन ना? तीन वेळा विचारलं.

दुपारच्या गाडीनं आम्ही भद्रावतीला उतरलो. खाणीच्या मजुरांच्या चाळीत महादेवची खोली विचारत गेलो. दार उघडंच होतं. महादेव उंबऱ्यात बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

माझे पाय तिथंच थांबले. वारलूजी पुढे गेले. त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या मुलाशी बोलले.

"कोन गेलं रे महादेव? तुही माय?"

महादेवनं वर पाहिलं. इतक्यात आतून त्याची आई बाहेर आली. तिच्या कडेवर पोरगी होती.

वारलूजींनी त्या बाईकडे पाहिलं. मग तिच्या मागे, खोलीत पाहिलं. मग पुन्हा त्या बाईकडे पाहिलं. जन्मभर ज्यांनी बोलायच्या आधी दोनदा पाहिलं, ते तिसऱ्यांदा पाहत होते. खोलीत आणखी कोणी नव्हतं.

"ताप भरला होता," महादेव म्हणाला. "चार दिवसांत गेली. तुमच्याकडे मानूस धाडला होता, बाबा. तुमी चांद्याले गेले म्हून सांगतलं त्याले, तो निरोप न ठेवताच फिरला. परवा दहावा झाला."

वारलूजी उंबऱ्याशी खाली बसले. रडले नाहीत. हातातलं झबलं मांडीवर उलगडून त्याच्या सुरकुत्या काढत राहिले. त्या म्हातारीनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि, घेतील की नाही, म्हणून जरा मागे सरून उभी राहिली. त्यांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. माझ्या डोळ्यांतून तेव्हा पाणी यायला लागलं ते मला थांबवता येईना.

म्हातारी म्हणाली, "पोरीचं नाव नाई ठेवलं, भाऊ. ठेवूच देत नोहती. बाबा येतीन, त्यायले नावाचं समजते, म्हने. तापातबी तेच. आता तुमी आले, तं मायचंच ठेवून द्या. कौसल्या."

"नाई," वारलूजी म्हणाले. "ते तिचं हाय. एकाचं नाव दुसऱ्याले देता येत नाई. तसा नियम हाय."

म्हातारीनं पोरगी त्यांच्या मांडीवर दिली. परक्या माणसाला पाहून ती रडेल असं मला वाटलं, पण ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. रंग महादेवचा होता. नाक, कपाळ, वर पाहायची तऱ्हा, सगळं कौसल्याचं होतं. त्यांना ते दिसलं नसेल असं कसं म्हणू?

मला चांद्याची शेवटची गाडी धरायची होती. वारलूजी उठणार नाहीत हे उघड होतं, आणि मीही त्यांना उठवलं नाही. दोन दारं पुढे येऊन मी एकदा मागे वळून पाहिलं. महादेव आणि त्याची आई बाजूला उभी होती. बारशाला आत्या करते तसे वारलूजी वाकून पोरीच्या कानाशी तोंड नेऊन बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, पुन्हा मिटत होते. म्हातारी नाव ऐकायला जरा पुढे झाली आणि थांबली. तिकडे गाडीचा भोंगा दोनदा वाजला. वारलूजी तसेच वाकलेले होते, आणि पोरगी मुळीच न हलता कान देऊन बसली होती.